बोनाफाईड प्रवासी

कॉलेजात शिकणाऱ्या मुलाने किंवा मुलीने ‘मला एकट्याने परदेशात फिरून यायचंय’ असं घरात जाहीर केलं, तर मराठी आईबाप सहसा नाही म्हणत नाहीत. नाही म्हटलं की भांडण होतं, दोन दिवस अबोला राहतो आणि शेवटी कुणाला तरी माघार घ्यावी लागते. त्यापेक्षा पुढची तारीख दिलेली बरी. ‘आधी डिग्री हातात पडू दे, मग खुशाल जा कुठं जायचं तिथं.’ दिवाणी दाव्यांत मुरलेल्या वकिलालाही इतकी बिनचूक तारीख मागता येणार नाही. हिच्यात उदारपणा आहे, शहाणपणा आहे, शिक्षणाची कळकळ आहे. फक्त तारीख नाही. डिग्रीचा शेवटचा पेपर झाला की निकालाची वाट बघायची, निकाल लागला की जॉइनिंग लेटरची. ते आलं तर सहा महिने प्रोबेशन, त्यात रजेचं नाव काढायचं नसतं. नाही आलं तर घरी बसलेल्याने फिरण्याचं नाव काढायचं नसतं. पुढे अप्रेझल, मग नोकरी बदलणं, आणि नोटीस पिरियडमध्ये जरा सवड मिळेल म्हणावं तर नव्या कंपनीला माणूस कालच हवा असतो. एव्हाना घरात पत्रिका जुळवायला सुरुवात झालेली असते. लग्नानंतर परदेशवारी होते खरी, पण ती एकट्याने करता येत नाही. कुणी केलीच तर तिच्यावर सिनेमा निघतो. २०१४च्या ‘क्वीन’मध्ये नायिकेला एकटीने पॅरिस बघायला मिळावं म्हणून आधी तिचं लग्न मोडावं लागलं होतं. त्यानंतर फ्लॅट, फ्लॅटचे हप्ते, मुलांच्या ॲडमिशन, आईवडिलांचे मोतीबिंदू आणि गुडघे. असं करत करत ती तारीख लागते साधारण साठीला, चाळीस-पन्नास जणांच्या ग्रुपमध्ये, टूर मॅनेजरच्या झेंड्यामागे. त्यात वाईट काही नाही. स्वित्झर्लंडमध्ये टिटलिसवर शाहरुख-काजोलच्या कटआउटशेजारी उभं राहून फोटो काढणाऱ्या काका-काकूंचा आनंद शंभर टक्के खरा असतो, आणि संध्याकाळचा वरणभातही. पण विसाव्या वर्षी मागितलं होतं ते हे नव्हे.

माझं म्हणणं असं, की एकट्याने करायची परदेशवारी डिग्री पुरी होण्याआधीच करावी, कारण अपुरी डिग्री हीच तिची खरी पात्रता आहे. पहिला पुरावा व्हिसा देणाऱ्यांकडूनच घेऊ. वकिलातींना तुमच्या येण्याची काळजी नसते, परत न जाण्याची असते. अमेरिकेच्या कायद्याचं कलम २१४(ब) तर पर्यटक व्हिसा मागणारा प्रत्येक जण कायमचा मुक्काम ठोकायलाच येतोय असं गृहीत धरतं. तसं नाही हे सिद्ध करायची जबाबदारी येणाऱ्याची. युरोपातला शेंगेन करार १९८५ साली लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावाजवळ, मोझेल नदीतल्या एका बोटीवर झाला. नदीत बसून ज्यांनी आपसातल्या सरहद्दी पुसल्या त्यांचे वारस आज ९० युरो फी, किमान ३०,००० युरोंचा प्रवासविमा, बँकेचं स्टेटमेंट, परतीचं तिकीट आणि कोणत्या रात्री कुठे झोपणार याचा कागद मागतात. नकाराच्या छापील फॉर्मवर एक रकानाच आहे: मुदत संपायच्या आत तुम्ही निघून जाल याबद्दल शंका वाटते. आता परत येण्याचं सगळ्यात भक्कम कारण कुणाकडे असतं? नोकरदार नोकरी सोडू शकतो, घरवाला घर विकू शकतो. पण ज्याची पाचव्या सेमिस्टरची फी भरून झालीय, ज्याची मॅथ्सची केटी नोव्हेंबरात आहे आणि ज्याचं लीव्हिंग सर्टिफिकेट कॉलेजच्या कपाटात आहे, तो जाऊन जाऊन जाणार कुठे? उलट डिग्री मिळालेला, नोकरी न लागलेला, बिनलग्नाचा तरुण बघा. कॉलेजने सोडलेलं, कंपनीने अजून धरलेलं नाही. सॅलरी स्लिप नाही, बोनाफाईड नाही, नावावर गुंठाभर जमीन नाही. आईवडिलांनी प्रवासासाठी काढून दिलेला मुहूर्त आणि व्हिसा अधिकाऱ्याला सर्वांत जास्त संशय येण्याचा मुहूर्त हे दोन्ही एकाच दिवशी येतात.

यातला बोनाफाईड दाखला हा मोठा मजेदार कागद आहे. कॉलेजच्या ऑफिसात अकरा ते एक या वेळात, जाळीच्या खिडकीतून तो मिळतो. अर्जावर ‘कारण’ अशी एक ओळ असते. त्या ओळीवर एसटीचा पास, लोकलचं कन्सेशन, स्कॉलरशिप, कास्ट व्हॅलिडिटी आणि फार तर एज्युकेशन लोन एवढंच येतं, असा खिडकीपलीकडच्या मॅडमचा वर्षानुवर्षांचा अनुभव असतो. तिथे कुणी ‘परदेशी पर्यटन’ लिहिलं की शिक्का हवेतच थांबतो. ‘कुणाबरोबर?’ ‘एकटाच.’ ‘घरी माहितीय?’ ही चौकशी कुठल्याही वकिलातीपेक्षा कडक असते आणि इथे अपिलाची सोय नसते. त्यानंतर सरांची सही, सर मीटिंगला. मग जावक क्रमांक. तो टाकणारे जेवायला. अखेर जो कागद हाती पडतो त्यात अमुक हा आमचा खराखुरा विद्यार्थी असून त्याची वर्तणूक चांगली आहे असं कॉलेज लिहून देतं. ही माहिती कॉलेजला कुठून मिळाली हे विचारायचं नसतं. चार ओळी, एक गोल शिक्का, दहा-वीस रुपये. इतक्या स्वस्तात पुढे आयुष्यात कुणीही तुमची हमी घेत नाही. बँक तर दोन जामीन मागते.

शहाणी माणसं म्हणतील की व्हिसा मिळणं वेगळं आणि जाण्यात शहाणपण असणं वेगळं. बरोबर आहे. या पक्षाचा सर्वांत वजनदार वकील म्हणजे खुद्द ॲडम स्मिथ. त्या काळी इंग्लंडातली बडी घराणी शाळा संपली की मुलाला विद्यापीठात न घालता फ्रान्स-इटलीच्या लांबलचक सफरीवर धाडायची. १७७६च्या ‘वेल्थ ऑफ नेशन्स’मध्ये स्मिथने या प्रथेचे वाभाडे काढले आहेत. सतरा-अठराचा मुलगा जातो, एकविसाचा होऊन येतो, एक-दोन भाषा कच्च्यापक्क्या शिकतो आणि पूर्वीपेक्षा घमेंडखोर, उधळ्या व कामाला निरुपयोगी होऊन परततो, असा त्याचा एकूण सूर. बापाचा फायदा इतकाच की डोळ्यांदेखत वाया चाललेला मुलगा काही काळ डोळ्यांआड होतो. हे वाचून कोणत्याही मराठी बापाला स्मिथ आपल्याच सोसायटीतला वाटेल. मात्र या साक्षीदाराची उलटतपासणी घ्यायला हवी. हाच स्मिथ ग्लासगो विद्यापीठात प्राध्यापक होता आणि १७६४च्या जानेवारीत, सत्र चालू असताना, बकलूच्या कोवळ्या ड्यूकचा प्रवासी गुरुजी होऊन फ्रान्सला निघाला. बिदागी वर्षाला ३०० पौंड, शिवाय पुढे तहहयात तेवढीच पेन्शन. म्हणजे विद्यार्थ्यांचं शिक्षण अर्धवट टाकून इथे प्राध्यापकच परदेशी गेले. जाताना त्याने विद्यार्थ्यांना फी परत देऊ केली आणि मुलं घेईनात तेव्हा बळेच घ्यायला लावली. आपल्या कॉलेजांनी स्मिथचं बाकी काही वाचलं नाही तरी चालेल, एवढा प्रसंग जरूर वाचावा. पुढे तुलूझमध्ये त्याला करमेना, तेव्हा वेळ घालवायला एक पुस्तक लिहायला घेतलंय असं त्याने डेव्हिड ह्यूमला कळवलं. ते पुस्तक म्हणजेच ‘वेल्थ ऑफ नेशन्स’, असं बहुतेक अभ्यासक मानतात. परदेशी जाऊन तरुण बिघडतात हे जगाला सांगणारा ग्रंथ असा परदेशातच, आणि वेळ जात नाही म्हणून, सुरू झाला. शिवाय स्मिथचा राग तीन-चार वर्षांच्या, नोकरचाकरांसह केलेल्या सफरीवर होता. आपण बोलतोय दहा-बारा दिवसांबद्दल. तेवढ्यात मनापासून बिघडायचं ठरवलं तरी वेळ पुरत नाही. त्यातले दोन दिवस विमानतळांवरच जातात.

‘पण हजेरीचं काय? पंचाहत्तर टक्के लागते.’ लागते. म्हणून परीक्षा संपल्यापासून पुढचं सेमिस्टर सुरू होईपर्यंतचा काळ निवडावा. वेळापत्रकात या काळापुढे ‘इंटर्नशिप’ लिहिलेलं असतं आणि पुष्कळांच्या बाबतीत इंटर्नशिप सुरू होण्याआधीच तिचं सर्टिफिकेट आलेलं असतं. अभ्यास मध्येच सोडण्याची धास्ती तर आता सरकारलाही राहिलेली नाही. २०२०च्या शैक्षणिक धोरणात एका वर्षानंतर सर्टिफिकेट, दोन वर्षांनंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडायची आणि वाटलं तर परत यायची मुभा आहे. जमवलेली क्रेडिट्स तोवर बँकेत राहतात. आणि तरुणपणीच फिरून येण्याचं म्हणाल, तर जर्मनीत सुतार-गवंडी अशा कारागिरांची शतकानुशतकांची एक रीत अजून टिकून आहे. काळ्या कॉर्डरॉयचे कपडे, मोठी हॅट, हातात काठी घेऊन तरुण कारागीर घर सोडतो तो तीन वर्षं आणि एक दिवस; तेवढ्या काळात आपल्या गावाच्या ५० किलोमीटरच्या आत पाऊल टाकायचं नाही. चाणाक्ष वाचक इथे मला पकडतील, की हे लोक उमेदवारीचं शिक्षण पुरं करूनच निघतात. मान्य. पण निघणाऱ्यासाठी असलेल्या अटी बघा: वय तिशीच्या आत, लग्न झालेलं नसावं, डोक्यावर कर्ज नसावं. जर्मन सुताराला या तिन्ही अटी शिक्षणानंतरही काही वर्षं पाळता येतात. आपल्याकडे शेवटच्या सेमिस्टरला मावशी स्थळ आणते, पहिल्या पगाराला बाईकचा हप्ता लागतो, आणि कर्जाची अट तर कित्येकांची ॲडमिशनच्या दिवशीच मोडलेली असते.

आता पैशाचं बोलू, कारण खरा आक्षेप तोच आहे. कर्ज काढून, क्रेडिट कार्डावर किंवा ‘आत्ता फिरा, नंतर फेडा’वाल्या ॲपच्या भरवशावर जाऊ नये, याबाबत मी कोणत्याही काकांपेक्षा जुन्या मताचा आहे. ज्या घरात फीची जुळवाजुळवच अवघड आहे तिथे हा विषय काढणंही बरं नाही. पण ज्या घरात वाढदिवसाला फोन आणि बारावीला गाडी मिळते, तिथे ‘बापाच्या पैशावर मजा’ हा आरोप फोनला लागत नाही आणि फक्त प्रवासालाच लागतो, हे चमत्कारिक आहे. परदेश म्हणजे लंडन-पॅरिसच असंही काही नाही. नेपाळला तर मतदार ओळखपत्रावरही जाता येतं, त्यामुळे घरचे त्याला परदेश धरतच नाहीत. व्हिएतनामचा ई-व्हिसा २५ डॉलरला मिळतो आणि तिथे रुपयाला साधारण ३०० डोंग येतात. म्हणजे तेहतीस-चौतीस हजार रुपये नेले की माणूस करोडपती. मोठ्यात मोठी नोट पाच लाखांची असते, आणि पहिल्या दिवशी चहावाल्याला हजारांच्या नोटा मोजून देताना हात कापतात. सवलतींचं गणितही वयाच्या बाजूने आहे. युरोपात २१ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी इंटररेलचा पास १९७२ साली निघाला. २०१८पासून युरोपीय संघ आपल्या अठरा वर्षांच्या निवडक मुलांना रेल्वेचा पास चक्क फुकट देतो. आपल्यासारख्या बाहेरच्यांनाही २७ वर्षांपर्यंत युरेलचा पास तरुणांच्या दरात मिळतो. जग सवलत देतं ती तरुणांना आणि म्हाताऱ्यांना, मधल्यांनी पूर्ण तिकीट काढायचं. म्हातारपणच्या सवलतीवर विसंबायचं तर आपल्या रेल्वेने ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये बंद केली, आणि त्यानंतर वर्षं गेली, निवेदनं गेली, सवलत काही आली नाही. विद्यार्थ्यांची मात्र चालू राहिली.

राहता राहिला ‘एकट्यानेच का?’ हा प्रश्न. मित्रांबरोबर जा म्हणणाऱ्यांनी कॉलेजातल्या मुलांचा गोव्याचा एक तरी बेत जवळून पाहावा. व्हॉट्सॲपवर ग्रुप निघतो, त्याला नाव पडतं, फोटो लागतो, चार वर्षं त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात आणि गाडी पनवेलच्या पुढे जात नाही. काळजीचा मुद्दा मात्र खोटा नाही, विशेषतः मुलीच्या बाबतीत. परक्या शहरात रात्री उशिरा उतरणं, राहण्याची जागा, कुणावर भरवसा ठेवायचा, यात धोका असतो आणि तो हसण्यावारी नेण्यात अर्थ नाही. पण घरचे लोक खरंच धोका मोजतात का, हे तपासून बघा. एकवीस वर्षांची मुलगी दहा दिवस एकटी हनोईला जाते म्हटलं की आजी देव पाण्यात घालते. तीच मुलगी दोन वर्षांनी चाळीस लाखांचं कर्ज काढून एमएस करायला टेक्सासला निघाली की सगळी सोसायटी विमानतळावर येते, औक्षण होतं, पेढे वाटले जातात. तिथेही ती एकटीच असते, दहा दिवसांऐवजी दोन वर्षं. आणि ती आजी? जिने ठाण्याहून पुण्याला कधी एकटीने प्रवास केला नाही, ती नातसुनेच्या बाळंतपणाला एकटी सॅन होजेला जाते. व्हीलचेअर मागवते, डिंकाचे लाडू आणि मेतकुटाची पाकिटं सुटकेसमध्ये दडवते, मध्ये दुबईला किंवा फ्रँकफुर्टला विमान बदलते, आणि ‘पर्पज ऑफ व्हिजिट’ असं अधिकाऱ्याने विचारलं की फाईलमधला नातवाने लिहून दिलेला कागद पुढे करते. एकट्याने परदेशी जाणारी मराठी माणसं रोज विमानात बसतात. मुलगी निघाली त्याच आठवड्यात, त्याच विमानतळावरून, त्याच आळीतली.

तेव्हा घराचा विरोध परदेशालाही नाही आणि एकटेपणालाही नाही. बिनकामाचं जाण्याला आहे. आनंदीबाई जोशी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, नवरा मागे ठेवून कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या. बोटीवर सोबतीला ओळखीच्या बायका होत्या, एवढाच आधार. डॉक्टर व्हायला निघालेल्या त्या बाईलाही लोकांनी सोडलं नाही. जाण्यामागची कारणं तिला बंगालातल्या श्रीरामपूरला जाहीर सभेत, इंग्रजीत, समजावून सांगावी लागली. आज त्यांचं नाव घेऊन मुलींना शिकायला पाठवणारी घरं त्या जुन्या टीकाकारांपेक्षा एक पायरी पुढे आलीत हे खरं, पण पायरी एकच. पदवीसाठी जा, नोकरीसाठी जा, बाळंतपणासाठी जा. नुसतं बघायला जायचं असेल तर आम्ही सगळे मिळून जाऊ. १९६७ साली सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग असल्याचं सांगितलं, आणि १९७८च्या मनेका गांधी खटल्याने त्यावर कळस चढवला. हे दोन्ही निकाल सरकारला बांधतात. आत्याबाईंना ते लागू नाहीत.

‘मग या बिनकामाच्या दहा दिवसांचा उपयोग काय?’ असं विचारणाऱ्याला उपयोगांची यादी देण्याचा मोह होतो: आत्मविश्वास वाढतो, व्यवहारज्ञान येतं, बायोडेटात एक ओळ वाढते. मी ती देणार नाही. एकदा उपयोग सांगितला की त्याचं कोर्समध्ये रूपांतर होतं आणि त्याला क्रेडिट्स लागतात. फार तर इतकं सांगता येईल, की हॉस्टेलात सहा जणांच्या खोलीत वरच्या बंकवर झोपलेल्या मुलाला सकाळी उठवायला कुणी येत नाही, उठल्यावर काय बघायचं हे कुणी ठरवत नाही आणि तो दिवसभर बाकावर बसून राहिला तरी कुणाची परवानगी लागत नाही. असा दिवस डिग्रीनंतर मिळत नाही, कारण नंतरच्या प्रत्येक दिवसाला रजेच्या अर्जात कारण लिहावं लागतं. घरून निघताना ७ किलोच्या केबिन बॅगेत आई चार किलो चिवडा, दशम्या आणि थेपले भरते, ते बिनतक्रार न्यावेत. लोणच्याची बाटली मात्र खारासकट सिक्युरिटीवाले काढून ठेवतात, तेव्हा ती घरीच राहू द्या.

ज्यांना हे पटलं असेल त्यांनी तिकिटांच्या ऑफर बघत बसू नये, आधी पासपोर्ट काढावा. ३६ पानी पुस्तिकेला १,५०० रुपये पडतात आणि ती अठरा वर्षांवरच्यांना १० वर्षं चालते. अर्जात पत्ता असा द्या, की पोलीस चौकशीला आले तर दार उघडायला घरात कुणी तरी असेल. आणि या आठवड्यातच भरा. ऐनवेळी तत्काळमध्ये काढायला गेलात तर २,००० रुपये जास्त जातात, आणि जवळपास तेवढ्यात व्हिएतनामचा व्हिसा निघतो.